पासवर्ड बरोबर, तरी दार बंद का?

28 एप्रिल 2021 रोजी दुपारी चार वाजता कोविन संकेतस्थळावर 18 वर्षांवरील सर्वांची लसनोंदणी सुरू झाली. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) येथील ताई असो की मुंबईचा दादा, सगळे एकाच क्षणी एकाच दाराशी! अनेकांना प्रवेशाचा ओटीपीच मिळेना. त्यांचे काही चुकले होते का? मुळीच नाही. त्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या.

मग अडले कुठे? हिशेब करून पाहू. समजा, ओळख तपासणारा सर्व्हर सेकंदाला 100 विनंत्या तपासतो. येतात मात्र 120. दर सेकंदाला 20 उरतात. 50 सेकंदांत रांग 1000 ची होते, म्हणजे नव्या माणसाला 10 सेकंद थांबणे आले. फोन तेवढाच वेळ थांबून ‘प्रवेश अयशस्वी’ म्हणत असेल, तर माणूस पुन्हा बटण दाबतो. जुनी विनंती रांगेत तशीच! सर्व्हर बिचारा तीही तपासतो, पण उत्तर घ्यायला पलीकडे कोणी नसते. आता 120 च्या 200 होतात.

म्हणून तंत्रज्ञ आधी सर्व्हरची नोंदवही उघडतो. ‘चुकीचा पासवर्ड’ असे शेरे जास्त की ‘वेळ संपली’ असे? दुसरे असतील तर पासवर्ड बदलून काय होणार? तो रांगेला मर्यादा घालतो आणि जादा विनंत्या लगेच परत पाठवतो. हे कठोर वाटेल, पण फुकटची तपासणी तरी वाचते. फोननेही पुन्हा विचारण्यापूर्वी 1, 2, 4, 8 सेकंद असे वाढते अंतर ठेवायचे. त्यातही प्रत्येकाने थोडे मागेपुढे, नाहीतर सगळे पुन्हा एकदमच येऊन धडकायचे!