खाडीवरील पक्ष्यांचे वर्णवैचित्र्य

भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी सर्वपरिचित आहे. या शहराच्या नारपोली भागातून अंजूरफाटा, काल्हेर या मार्गाने ठाण्याकडे निघालेल्या प्रवाशाला कशेळीच्या पुलावर उल्हास नदीच्या खाडीचे विस्तीर्ण पात्र लागते. मागांच्या खडखडाटापासून इतक्या जवळ समुद्रकाठच्या पक्ष्यांचा वावर असेल, याची पुष्कळांना कल्पना नसते. मग अशा खाडीकाठी एखादा पक्षी भलत्याच रंगाचा दिसला की तर्कवितर्क सुरू होतात. कोणी त्याला रोगी ठरवितो, कोणी कारखान्यांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवितो, तर कोणाला तो पकडून आणण्याची हौस वाटते. विचारणा अखेर ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेतील गुरुजींकडे येते. पक्ष्याचा वेगळा रंग निसर्गाचा की बाहेरून लागलेला, हे ओळखता आल्यास पुढे काय करावयाचे, हा प्रश्न बराचसा सुटतो.

या दृष्टीने समुद्री बगळ्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. काटेकोर अर्थाने तो खुल्या समुद्रावरचा पक्षी नव्हे. परंतु त्याची उपजीविका भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच चालते आणि कोकण किनाऱ्यावर तो सर्वत्र आढळतो. या एकाच जातीत दोन रंग असतात. एक बगळा पाटीच्या दगडासारखा गडद राखी, हनुवटी व गळा मात्र पांढरा. दुसरा संपूर्ण शुभ्र. राखी बगळा म्हणजे नर, पांढरा म्हणजे मादी, असा समज काही ठिकाणी ऐकू येतो. तो निराधार आहे. रंगाचा संबंध लिंगाशी नाही, वयाशी नाही आणि ऋतूशीही नाही. तो आनुवंशिक असून जन्मभर टिकतो. दोन्ही रंगांचे बगळे आपसांत जोड्या करतात. क्वचित राखी आणि पांढऱ्या रंगांचे ठिगळ लावल्यासारखा बगळाही दृष्टीस पडतो. हाच पक्षी लोकांना सर्वांत अधिक बुचकळ्यात टाकतो आणि तेलाने किंवा रंगाने माखला असावा अशी शंका येते. वस्तुतः तो पूर्णपणे निरोगी असतो.

शुभ्र समुद्री बगळा आणि नेहमीचा लहान बगळा यांच्यात गल्लत होणे स्वाभाविक आहे. लहान बगळ्याची चोच काळी व सडपातळ असते; समुद्री बगळ्याची चोच अधिक जाड आणि पिवळसर तपकिरी असते. विद्यार्थ्यांना खाडीवर नेणाऱ्या शिक्षकांनी पिसांपेक्षा चोच आणि पाय आधी पाहण्यास शिकवावे, हे बरे.

कुरव पक्ष्यांचा प्रकार निराळा. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके त्या दिवसांत तपकिरी नसतेच. ते पांढरे असून डोळ्यामागे केवळ एक काळसर ठिपका असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी, लडाख व तिबेटकडील सरोवरांवर विणीसाठी परतण्यापूर्वी, डोके गडद होऊ लागते. नाव ऐकून पक्षी शोधणारा येथे हमखास फसतो!

रोहित अथवा अग्निपंख पक्ष्याचा गुलाबी रंग तर अन्नातून येतो. शेवाळ आणि सूक्ष्म जलचर यांतील कॅरोटिन वर्गाची द्रव्ये त्याच्या पिसांत उतरतात. पिल्ले करड्या रंगाची असतात आणि गुलाबी होण्यास त्यांना काही वर्षे लागतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले व २०२२ मध्ये तिचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. तेथील थव्यांत दिसणारे मळकट रोहित बहुधा अल्पवयीन असतात; त्यांना प्रदूषणाचे बळी समजण्याचे कारण नाही.

खरे दुर्मिळ वैचित्र्य जन्मजात दोषातून उद्भवते. पिसांचा काळा व तपकिरी रंग मेलॅनिन या रंजकद्रव्यामुळे येतो. हे द्रव्य शरीरात मुळीच तयार झाले नाही तर पक्षी वर्णहीन होतो आणि त्याचे डोळे लालसर दिसतात. डोळ्यांचा रंग नेहमीचा आणि पिसे मात्र अंशतः किंवा सर्वस्वी पांढरी, असाही प्रकार आहे; तो तुलनेने अधिक आढळतो. उलट मेलॅनिन अतिरिक्त झाल्यास पक्षी काळा पडतो. २०१५ मध्ये सायप्रस बेटावरील अक्रोतिरीच्या खाऱ्या सरोवरात असा काळा रोहित दिसला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. मेलॅनिन केवळ शोभेसाठी नसते. ते पिसाला बळकटी देते. पुष्कळ कुरवांच्या पंखांची टोके काळी असतात ती उगीच नव्हे. वर्णहीन पक्ष्याची पिसे लवकर झिजतात, दृष्टी अधू असते आणि शत्रूच्या नजरेत तो सहज भरतो. अशा पक्ष्याला पकडून त्याचे प्रदर्शन मांडणे म्हणजे त्याचे थोडके आयुष्य आणखी तोडणे होय. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हाही आहे.

आता बाहेरून लागलेल्या रंगाविषयी. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक क्षेत्रात कासाडी नदीच्या परिसरातील भटकी कुत्री निळी झालेली आढळली. रंगद्रव्य पाण्यात सोडणाऱ्या कारखान्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. म्हणजे नागरिकांची शंका प्रत्येक वेळी भाबडी असते असे नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले व ते कांदळवनांपर्यंत पोहोचले. तेलाने माखलेल्या पिसांत पाणी शिरते, पक्ष्याच्या अंगातील ऊब जाते, आणि चोचीने पिसे साफ करताना तेल पोटातही जाते. येथे विलंब घातक ठरतो.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. जन्मजात रंग प्रत्येक पिसावर स्वच्छ असतो आणि पक्षी नेहमीप्रमाणे चरतो, उडतो. बाहेरचा रंग किंवा तेल पोटाकडील भागावर व पायांवर अधिक लागलेले असते, पिसे एकमेकांस चिकटलेली असतात आणि पक्षी काठावर मरगळून बसतो. एकाच दिवशी अनेक जातींचे पक्षी डागाळलेले दिसले, तर आनुवंशिकतेचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी पक्ष्याला घरी साबणाने धुण्याचा खटाटोप करू नये. वन विभागाच्या नजीकच्या कार्यालयास व प्रदूषण नियंत्रण मंडळास त्वरित कळवावे. कळविताना ठिकाण, तारीख, भरती होती की ओहोटी, पक्ष्यांची अंदाजे संख्या, तसेच डोळे, चोच व पाय यांचे रंग नमूद करावेत. शक्य झाल्यास दुरूनच छायाचित्र घ्यावे. पक्ष्याच्या पायात कडे दिसल्यास त्यावरील अक्षरे व अंक टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावेत.