हुकलेली कुस्ती

प्रश्न : लेनॉक्स लुईस-रिडिक बो यांच्यासारखी न झालेली लढत आपल्याकडे आहे का? (एक वाचक, धंतोली, नागपूर)

उत्तर : आहे. नरसिंग यादव विरुद्ध सुशील कुमार, ७४ किलो.

मुष्टियोद्धा बो १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये लुईसकडून हरला होता. पुढे व्यावसायिक झाल्यावर त्याने १९९२मध्ये जगज्जेतेपदाचा पट्टा कचरापेटीत टाकला, पण लुईसशी लढला नाही!

इथे आडवा आला तो नियम. सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेल्या नरसिंगने २०१५च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून रिओ ऑलिंपिकचा कोटा मिळवला. कोटा देशाचा असतो, म्हणून सुशीलने निवड चाचणी मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती जून २०१६मध्ये नाकारली. पुढे उत्तेजक सेवनाच्या प्रकरणात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने (‘नाडा’) निर्दोष ठरवलेल्या नरसिंगवर क्रीडा लवादाने रिओतच चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलोत भारताचा मल्ल उतरलाच नाही.

चाचणी व्हायलाच हवी होती.