पिस्तुलाच्या पुंगळीत कोणती दारू भरावी

सावर्डे, ता. चिपळूण

चि. निखिल,

वापरलेले काडतूस घरी पुन्हा भरायला पुंगळी, ठिणगी देणारी टोपी, गोळी आणि दारू हे चार जिन्नस लागतात. त्यांत सर्वांत जास्त विचार दारूचा करावा लागतो, कारण तिथली चूक बहुधा चाप ओढल्यावरच कळते.

पण दारूच्याही आधी कायदा येतो. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 ने मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. त्यामुळे इथला नेमबाज तयार काडतूसच विकत घेतो. अमेरिकेत हा छंद बव्हंशी मोकळा असला, तरी मराठी घरांतल्या पुष्कळ मुलांना एक गोष्ट ठाऊक नसते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला तिथला संघीय कायदा बंदूक आणि दारूगोळा बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना यासारखे थोडेच अपवाद आहेत. शिवाय त्या कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळी, टोपी आणि दारूची डबीसुद्धा दारूगोळ्यातच मोजली जाते. ग्रीन कार्ड हाती नसेल, तर पुढचे सारे फक्त वाचण्यापुरते.

कोकणात दारू म्हटली की डोळ्यांपुढे येते ती ठासणीची बंदूक. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी अशा बंदुकीला परवाना देण्याची तरतूद शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्येच आहे. तिच्यात काळी दारू मापाने ओततात आणि गजाने ठासतात. माप थोडे इकडेतिकडे झाले तर खांद्याला धक्का बसतो, धूर जास्त होतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावते. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्या जातीची. फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने 1884 मध्ये तिचा पाया घातला. ती नायट्रोसेल्युलोजची असते, काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असते. दाब वाढला की ती आणखी भराभर जळते आणि त्याने दाब आणखी चढतो. म्हणून तिथे अंदाजपंचे चालत नाही आणि ठासणीच्या बंदुकीत तर ती चिमूटभरही घालू नये.

बिनधुराच्या दारूत जलद आणि सावकाश जळणाऱ्या असे प्रकार आहेत. पिस्तुलाची नळी जेमतेम चार-पाच इंच, म्हणून रायफलची सावकाश दारू तिथे कामाची नाही. बुल्सआय, टाइटग्रुप, विहताव्हुओरी एन-320 या जलद, युनिक मध्यम, 2400 आणि एच-110 सावकाश, म्हणजे मॅग्नम काडतुसांच्या. काडतुसाला किती दाब सोसतो तेही पाहावे लागते. अमेरिकी मानकांप्रमाणे 9 मिमी काडतुसाची मर्यादा दर चौरस इंचाला 35,000 पौंड, .45 एसीपीची 21,000 आणि .38 स्पेशलची 17,000 आहे. एच-110 हलक्या भारासाठी मुळीच घेऊ नये. कमी भरली तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकून राहू शकते. तशा नळीतून दुसरा बार काढला की नळी फुगते किंवा फाटते.

नवशिक्याचे लक्ष बहुधा वेगाच्या आकड्यांवर खिळते. खरे तर पाहावे ते पुंगळीचे पोट. .38 स्पेशल हे काळ्या दारूच्या काळातले काडतूस, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस आहे. जलद दारूचा भार तिच्या तळाशीच बसतो. चुकून त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती मावते, गोळीही वर बिनतक्रार बसते आणि बाहेरून काही कळत नाही. हातातले रिव्हॉल्व्हर फुटायला तेवढे पुरते. म्हणून पहिली दारू अशी घ्यावी, की जी भरल्यावर पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल आणि दोनदा पडली तर काठावरून सांडेल. तिने वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल. पन्नास पुंगळ्या फळीवर ओळीने उभ्या करून, गोळ्या बसवण्याआधी वरून बॅटरीचा झोत टाकावा. एखादीत पातळी वर किंवा खाली असेल तर ती लगेच नजरेत भरते.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम आणि काटा दशांश ग्रेनपर्यंत लागतो, म्हणजे चिमटीतल्या मिठाहूनही कितीतरी कमी. गोल दाण्याची दारू मापयंत्रातून सरळ उतरते. युनिकसारखी पापुद्र्यांची कधी अडते, मग एका पुंगळीत कमी आणि पुढचीत जास्त पडते. तिच्यासाठी दर काही पुंगळ्यांनंतर काट्यावर ताळा घ्यावा.

नावांचा घोळ वेगळाच. एचपी-38 आणि विंचेस्टर 231 ही एकाच दारूची दोन नावे आहेत, तर क्लेज, इंटरनॅशनल आणि युनिव्हर्सल या एकाच घराण्यातल्या तीन दारूंचा जळण्याचा वेग निरनिराळा. मित्राने सांगितलेला भार कितीही खात्रीचा वाटला तरी वापरू नये. कारखान्याच्या चालू पुस्तिकेत त्याच गोळीसाठी छापलेल्या किमान भारापासून सुरुवात करावी आणि पायरीपायरीने वर जावे. टेबलावर एका वेळी एकच डबी असावी. उरलेली दारू त्याच डबीत परत जावी, चिठ्ठी नसलेल्या बरणीत कधीच नाही.

.22 च्या काडतुसाला हे काही लागू नाही. त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, म्हणून ते घरी पुन्हा भरले जात नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, तो 25 मीटर पिस्तुलाचा प्रकार याच काडतुसाचा.

साठवणीबाबत अमेरिकेतील अग्निसुरक्षेचे प्रचलित मानक राहत्या घरात 20 पौंडांपर्यंत बिनधुराची दारू मूळ डबीत ठेवू देते. नवख्याला एक पौंड पुष्कळ होतो. ती घट्ट बंद लोखंडी तिजोरीत ठेवू नये. आग लागली तर उघड्यावर ती नुसती भसकन जळते, कोंडली गेली तर तिजोरीचाच बाँब होतो. डबीला आंबूस वास आला किंवा तांबूस धूळ दिसली, तर ती दारू संपली असे समजावे आणि स्थानिक नियमाप्रमाणे नष्ट करावी.

विमानात दारू हातातल्या सामानातही चालत नाही आणि खाली दिलेल्या सामानातही नाही. विसरलेले एक जिवंत काडतूस बॅगेत सापडले, तरी आपल्याकडच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. नेमबाजीच्या मैदानावर नेलेली बॅग गावी येण्यासाठी कधीच वापरू नये. वापरावीच लागली, तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा.

तुझा काका