जनावरांची शस्त्रक्रिया : भूल उतरल्यानंतरच्या वेदनेची काळजी

पेरणीच्या तोंडावर बैलाचे शिंग कर्करोगामुळे कापावे लागते, किंवा व्यालेल्या म्हशीचे अंग बाहेर येते. सिल्लोडसारख्या मका-कपाशीच्या तालुक्यात अशा वेळी घरचे सारे गणित बिघडते. शस्त्रक्रिया चालू असताना जनावर शांत उभे असते. खरा त्रास भूल उतरल्यावर सुरू होतो. वेदनेमुळे जनावर वैरण सोडते, रवंथ मंदावतो, दूध कमी होते व जखम घासली जाते. म्हणून ही भूल किती वेळ टिकते, हे पशुपालकानेही समजून घ्यावे.

नस बधिर करणे म्हणजे काय?

जनावराला पूर्ण बेशुद्ध न करता, वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेजवळ औषध टोचतात. शिंगाची नस डोळ्याचा बाहेरचा कोपरा व शिंगाचे बूड यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली असते. अंग बसविण्यासाठी शेपटीच्या बुडाशी मणक्याच्या पोकळीत इंजेक्शन देतात. यासाठी लिग्नोकेन हे नेहमीचे औषध आहे. ते काही मिनिटांत लागू पडते, परंतु साधारण एक ते दीड तासात उतरते.

परिणाम वाढविणारी जोड औषधे

१) अ‍ॅड्रिनॅलिन : १९०३ साली जर्मन शल्यचिकित्सक हाइनरिक ब्राउन यांनी बधिर करण्याच्या औषधात हे मिसळण्याची पद्धत मांडली. याने तेथील रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात सावकाश मिसळते व नसेपाशी जास्त वेळ टिकते. मात्र सड, कान, शेपटीचे टोक अशा भागांत ते टाळतात, कारण रक्तपुरवठा तुटून तो भाग मरण्याचा धोका असतो.

२) झायलाझिन : हे मुळात गुंगीचे औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गायींच्या शेपटीच्या बुडाशी दिलेल्या लिग्नोकेनचा परिणाम सुमारे ८० मिनिटे, झायलाझिनचा सुमारे २५० मिनिटे, तर दोन्ही मिळून सुमारे ३०० मिनिटे टिकला. शिवाय मिश्रण पाच मिनिटांत लागू पडले. एकट्या झायलाझिनला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागला. अंग बसविल्यावर जनावर कळा देत राहिले तर ते पुन्हा बाहेर येते. तेथे या जादा तासांचे मोल मोठे आहे.

माणसांच्या शस्त्रक्रियेतही याच हेतूने डेक्सामेथासोनसारखी औषधे जोडतात.

धोके ओळखा

गाय-बैलांना झायलाझिनची मात्रा घोड्याच्या सुमारे एक दशांशच पुरते. मात्रा चुकल्यास जनावर कोसळते, लाळ गळते, पोट फुगते. गाभणपणाच्या शेवटच्या काळात त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. शेळ्या-मेंढ्यांत लिग्नोकेन जास्त झाल्यास झटके येतात. म्हणून ही औषधे दुकानातून आणून स्वतः टोचू नयेत.

पशुपालकांनी घ्यावयाची काळजी

१) जनावर गाभण आहे का, किती महिन्यांचे आहे व आधी कोणती औषधे दिली, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

२) सांगितले तितके तास वैरण-पाणी बंद ठेवावे.

३) मागचे पाय लटपटतात, म्हणून जनावर कोरड्या, न घसरणाऱ्या जमिनीवर ठेवावे. बसल्यास छातीवर बसवावे. आडवे पडू देऊ नये.

४) बधिर भाग घासला तरी जनावराला कळत नाही. भूल उतरेपर्यंत राखण करावी.

५) शिंग कापल्यावर कवटीतील पोकळी उघडी पडते. पट्टी कोरडी ठेवावी व माश्यांपासून जपावे.

६) दूध किती दिवस विकू नये, हे डॉक्टरांना विचारून पाळावे.

वेदनाशामक कोणते द्यावे?

डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात, म्हणून त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ साली बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची बाटली गोठ्यात वापरू नये. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

जोड औषधाने वेदना पुढे ढकलली जाते, संपत नाही. म्हणून वेदनाशामक भूल उतरण्याआधीच द्यावे लागते. डॉक्टर दावणीवरून निघण्यापूर्वी त्यांना दोन प्रश्न जरूर विचारा : भूल साधारण किती वाजता उतरेल, आणि पुढचे वेदनाशामक किती वाजता द्यायचे? दोन्ही वेळा कागदावर लिहून गोठ्यात लावाव्यात.