बिबडं वाकलं तर पाणी नको

पोरी, तुझ्या खोलीतला तो गोल निवडुंग उन्हाने मेला नाही, तो पाण्याने मेला. मे महिन्यात आपल्या मुक्ताईनगरात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सगळ्यांनाच वाटतं की झाड तहानलंय. माझीही हीच चूक झाली होती. सात वर्षं सांभाळलेला निवडुंग ऐन वैशाखात बुडाशी मऊ पडला. हात लावला तर अंगठा आत गेला आणि सडक्या काकडीसारखा वास आला. गच्चीवर पिळून टाकलेली साडी अर्ध्या तासात खडखडीत वाळत होती, मग घरातल्या झाडाला एवढी ओल आली कुठून?

खिडकीतल्या कूलरमधून. सकाळी टाकीत पाच-सहा बादल्या ओतायच्या आणि संध्याकाळी टाकी रिकामी. ते पाणी जातं कुठे? आपल्याच खोलीच्या हवेत. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की बाहेर वैशाख आणि घरात आषाढ. निवडुंग अंगावरची छिद्रं दिवसा मिटून ठेवतो, रात्री उघडतो. रात्रभर हवा दमट असली की त्याच्या अंगातलं पाणी फारसं उडत नाही, म्हणून मुळंही नवं पाणी ओढत नाहीत. कुंडी आठ-आठ दिवस ओली राहते आणि आपण वरून पेलाभर घालतो.

म्हणून पहिला कानमंत्र असा, की पाण्याचे वार ठरवू नकोस, खोलीची हवा बघ. बाजारात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आकडा 40-50 च्या आसपास असेल तर झाड सुखात आहे, सतत 60 च्या वर राहिला तर हात आखडता घे. यंत्र नसेल तर घरात बिबडी, आपले ज्वारीचे पापड, आहेतच. न तळलेल्या बिबड्याचा एक तुकडा रात्री कुंडीशेजारी ठेव. सकाळी कडकन मोडला तर हवा कोरडी. चामड्यासारखा वाकला तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही. मी वर्षानुवर्षं हेच करते आणि यंत्राचं नि बिबड्याचं भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

हवा कोरडी निघाली तरी लगेच तांब्या उचलू नकोस. अगरबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपस, थोडा वेळ राहू दे. काडीला माती चिकटून आली तर अजून थांब. कोरडी आली तर संध्याकाळी, कुंडी निवल्यावर, तळाच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत घाल आणि बशीतलं पाणी ओतून टाक. रोज चमचा-चमचा पाजणं वाईट. वरची माती ओली दिसते, खालची मुळं तशीच राहतात. अंगावर फवारा तर कधीच मारू नकोस.

एक सवय आपल्याकडे घरोघरी आहे, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची. निवडुंगाला ते नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि बोअरच्या पाण्याचे ते क्षार दिवसेंदिवस घट्ट होत जातात. कूलरच्या जाळीवर पांढरी खर साचलेली तू पाहतेस ना, तीच कुंडीत जाते.

कुंडी कूलरच्या झोतात ठेवायची नाही. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेव, म्हणजे दमट हवा बाहेर पडेल. तुम्हालाही तेव्हाच खरा गारवा लागेल. न्हाणीघराजवळची फळी, चुलीची वाफ, काचेचं बंद भांडं, हे सगळं वर्ज्य. दोन कुंड्यांत वीतभर अंतर राहू दे.

मातीचंही ऐक. आपली काळी माती कपाशीला, केळीला सोनं आहे. कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. एक भाग माती घेतलीस तर दोन भाग धुतलेली जाड वाळू आणि विटांचा चुरा घे. कुंडी कुंभाराकडची, बिनरंगाची, भोकावर खापरी ठेवलेली. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवर रंगीत खडे डिंकाने चिकटवलेले असतात, ते आल्या दिवशी काढून टाक. लाल-पिवळ्या डोक्याचा निवडुंग आणलास तर लक्षात ठेव, ती दोन झाडं आहेत, एकावर दुसऱ्याचं कलम. खालचा हिरवा दांडा आधी कुजतो, म्हणून नजर त्याच्यावर हवी.

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली की मी पाणी तोडायला लागते. पुढे झडी लागते, घरात दोरीवर ओले कपडे येतात आणि हवा आणखी जड होते. त्या दिवसांत पंखा हळू चालू ठेवते आणि पाणी जवळपास बंदच. थंडीतही महिन्यातून एकदा पुरे.

आणि बूड मऊ लागलंच तर रडत बसू नकोस. सुरी स्पिरिटने पुसून वरून काप घे, आतलं मांस स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत. मध्ये एक जरी तपकिरी ठिपका असला तरी अजून वर काप. कापाला गंधकाची भुकटी लाव, आठ-दहा दिवस सावलीत उघडा ठेव. खपली धरली की कोरड्या वाळूवर बसव, पाणी मुळं फुटल्यावरच. माझा तो सात वर्षांचा असाच शेंड्यावरून वाचला. त्याची दोन पिल्लं तुझ्यासाठी वेगळी लावून ठेवली आहेत. आत्ता नेऊ नकोस, दसरा झाला की ये.