जाळं पाण्याबाहेर असताना

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तो सांगतो की त्याचे शेजारी थंडीत हरणाच्या शिकारीला जातात, आणि तरी समुद्रातल्या मासेमारीत त्यांचा हात बारा महिने बसलेला असतो. हे जमतं कसं? आपल्या खानदेशातही पूर्वी शिकार होती, तापी तर होतीच. आपले लोक दोन्ही कसं सांभाळत? आणि समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाला हात टिकवता येईल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाच्याचे शेजारी वारा बघून बेत ठरवत असणार. टेक्सासमध्ये बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. त्याच सुमाराला उत्तरेकडून गार वारे येऊ लागतात. असा वारा जोरात सुटला की उथळ खाड्यांतलं पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि मासे खोल चरांत उतरतात. रानात मात्र गारव्यामुळे हरणं दिवसाउजेडीही हिंडू लागतात. म्हणजे पाणी बिघडतं तेव्हा रान साधतं. वारा पडून दोन दिवस ऊन पडलं, की तेच लोक पुन्हा गळ घेऊन खाडीवर येतात.

आपल्याकडेही अशीच पाळी होती, पण ती पावसावर बांधलेली. पेरणी-निंदणीच्या दिवसांत सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांना सवड कुठली? पिकं घरात आली, रान वाळून मोकळं झालं, की शिकार. नाले आटून डोह उरले, की मासे. तापीकाठच्या भोई-कोळ्यांचं तर पोटच पाण्यावर. 1825 मध्ये जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. वाघाच्या शिकारीबद्दल या साहेबाचं मोठं नाव झालं. पण रानातला माग ओळखणारे डोळे भिल्लांचे होते, हे सांगायला हवं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा तो अर्धा भाग संपला. आज यावल अभयारण्यात काय किंवा तुमच्या शेताच्या बांधावर काय, ससा-तितर मारणंही गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. माग काढणारी ती नजर वाया जायचं मात्र कारण नाही. पाण्यावरचा बुडबुडा, शेवाळाची हललेली कड, काठावर एकटक उभा बगळा यांचा अर्थ लावायला तीच नजर लागते.

आता हात टिकवण्याचं. हतनूर धरणाच्या काठी एका भोई कुटुंबाकडे मी भर पावसाळ्यात गेलो होतो. धरणाच्या 41 दरवाज्यांपैकी बरेच उघडे होते, पाणी गढूळ लाल, होडी काठावर पालथी. घरातले आजोबा ओट्यावर बसून जाळं सांधत होते. डाव्या हातात बांबूची पट्टी, उजव्या हातात दोरा भरलेली सुई. प्रत्येक गाठ पट्टीवरून घेत होते, त्यामुळे सगळे आस (जाळ्याचे डोळे) एका मापाचे पडत. समोरच्या अंगणात नातू फेकजाळं फेकत होता. जाळ्याची कड दातांत, काही भाग डाव्या कोपरावर, उरलेलं उजव्या मुठीत. मग कमरेतून गिरकी. जाळं जमिनीवर गोल पडलं तर शिशाच्या गोळ्यांचा आवाज एकदमच येतो, वाकडं पडलं तर तुटक तुटक. आजोबा मान वर न करता आवाजावरूनच सांगत होते, "परत टाक."

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या अंगणात आहे. चोपड्याच्या मोकळ्या शेतात दोरीला गळाऐवजी वजन बांधा, तीस पावलांवर जुना टायर ठेवा आणि रोज वीस वेळा फेका. गाठी डोळे मिटून बांधायला शिका, कारण समुद्रावर पहाटे अंधारात आणि ओल्या बोटांनी त्या बांधाव्या लागतात.

उरलेलं निम्मं उत्तर भिंतीवरच्या पंचांगात आहे. खाऱ्या पाण्यातला मासा भरती-ओहोटीबरोबर हलतो आणि भरती चंद्राबरोबर. कोकणातला ढोबळ हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसा तशीच रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद. चोपड्यात बसूनही रोज सकाळी तिथी पाहून मनाशी हा हिशेब करत राहिलात, तर वर्षातून दोनदा किनाऱ्यावर गेल्यावर पाणी परकं वाटणार नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. आपल्या नद्यांमध्येही रोहू, कटला, मृगळ यांचा विणीचा काळ पावसाळ्याचाच. पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि तेव्हाच नाल्याच्या तोंडाशी जाळी लागतात. एका मादीच्या पोटात लाखभर अंडी असू शकतात. पाण्यात सुरुंग किंवा विष टाकणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरी असे प्रकार अजून कानावर येतात. तेव्हा मृग नक्षत्रापासून श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत तुमचा गळ घरात राहू द्या, बाजारात गाबोळीने भरलेली मादी दिसली तर ती विकत घेऊ नका, आणि ते दोन महिने जाळं सांधण्यात घालवा.