सोयाबीनचे पिवळे शेंडे : लोह मातीत, उपासमार पानात

जुलैची झड उघडल्यावर चिखली, मेहकर, लोणार या तालुक्यांतील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सोयाबीनचे शेंडे पिवळे पडू लागले की कृषी सेवा केंद्रांवर युरिया आणि टॉनिकांची मागणी वाढते, आणि तो पैसा बहुतांशी पाण्यात जातो. कोवळे पान पिवळे पण शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे; पानावर हिरवे-पिवळे चट्टे मिसळलेले दिसल्यास तो पांढऱ्या माशीने पसरणारा मोझॅक समजून झाड उपटून टाकावे.

लोह साठवणाऱ्या प्रथिनाला फेरिटिन म्हणतात आणि त्याच्या एका पोकळ गोळ्यात लोहाचे सुमारे ४५०० अणू मावतात. मात्र त्याची जनुके झाडाच्या सर्व भागांत सारखी काम करत नाहीत. बियात हा साठा आधीच भरलेला असल्याने पहिली पाने हिरवी निघतात, तो संपला की पहिल्या-दुसऱ्या त्रिदलापासून पिवळेपणा सुरू होतो, आणि पानातील फेरिटिनची जनुके तर तेथे पुरेसे लोह पोचल्यावरच जोर धरतात. मुळावरील गाठींनाही नत्र बांधण्यासाठी लोहच लागते. पाणी तुंबले की मुळांच्या श्वसनातील कार्बन डायऑक्साइड चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट वाढवतो, त्यामुळे मुळाने सोडलेले आम्ल निष्प्रभ होते आणि मातीतले मुबलक लोह मुळाला विरघळवता येत नाही. म्हणूनच उतारावरचे तास हिरवे आणि बांधालगतचे पिवळे, असे चित्र एकाच शेतात वारंवार आढळते.

अशा वेळी युरिया टाकणे हा शुद्ध अविचार आहे, कारण त्यातून बनणारे नायट्रेट शोषताना मुळाभोवतीचा सामू आणखी चढतो. जस्त-तांबे असलेल्या टॉनिकांचे पाच-सहा डबे एकत्र कालवून फवारण्याची सवयही सोडलीच पाहिजे. तांबे व जस्त धरून ठेवणारी मेटॅलोथायोनिन नावाची लहान प्रथिने मूळ, पान आणि बी यांत वेगवेगळ्या प्रमाणात तयार होतात, पण ती लोहाची उणीव भरून काढत नाहीत, आणि जादा जस्त-तांबे लोहाच्या शोषणात उलट अडथळा आणते.

आधी चर काढून पाणी बाहेर काढावे, वाफसा येताच डवरणी करावी, मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, ताजे विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे. हिरवट खडे तपकिरी झाले असतील तर ते वापरू नयेत. आठ-दहा दिवसांनी नवा शेंडा पिवळाच निघाला तरच दुसरी फवारणी करावी, जुन्या पानाचा रंग पाहून नव्हे.